एक नमो मरिया आणि मेन स्विच

फिलिप,

त्या रविवारी मी तुझ्या खुर्चीत बसले होते. तीच ती, एक चाक तुटलेली, जिच्या खाली तू लाकडाचा ठोकळा लावून ठेवला होतास आणि वर्षानुवर्षं "उद्या नवी आणतो" म्हणायचास. लिनक्सच्या नव्या आवृत्तीची सीडी तुझ्या कॉम्प्युटरमध्ये घरघरत होती. नाव, भाषा, घड्याळ असले बिनडोक प्रश्न संपले आणि दरवर्षीचा तो प्रश्न स्क्रीनवर आला: फाइल सिस्टिम कोणती हवी? मी सवयीने मागे वळले. तोंडही उघडलं होतं. मागे चहाचा कप घेऊन तुझी रेजिना उभी होती. मी कोणाशी भांडायला वळले ते तिला माझ्या तोंडाकडे बघूनच कळलं. तिने कप टेबलावर ठेवला आणि आत गेली. चहा पुरता थंड होईपर्यंत मी त्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही.

मित्र गेला की लोक त्याच्या चांगुलपणाबद्दल लिहितात. मला आठवतात ती आपली भांडणं, आणि तीही सगळी एकाच विषयावरची. डिस्कवर फाइली कशा मांडायच्या, कोणत्या पद्धतीने लिहायच्या, मध्येच लाईट गेली तर काय वाचतं आणि काय जातं. रेजिनाने एकदा वैतागून विचारलं होतं, "म्हंजे कपाटात कपडे कशे लावायचे, तसाच ना?" तू म्हणालास, "तसाच." ती म्हणाली, "मंग त्याला दोन मानसं कशाला लागतात?" तेव्हा आपण दोघं परत स्क्रीनकडे वळलो होतो. आता एकटीने ते कपाट लावायची वेळ आली, तेव्हा दोन माणसं कशाला लागतात ते मला नीट कळलं.

आपली ओळखही भांडणानेच झाली. आम्ही गिरगावातलं घर सोडून भाईंदर पूर्वेला नवीन आलो होतो. माझी इथे कोणाशी ओळख नव्हती आणि करून घ्यायची इच्छाही नव्हती. केबिन रोडवरच्या दुकानात कॉम्प्युटरच्या मासिकाचा शेवटचा अंक लटकत होता, सोबत लिनक्सची सीडी. माझा हात त्याच्यावर पडला आणि तुझाही. दुकानदार म्हणाला, "एक ही पीस है बेन, आपस में देख लो." तू लगेच तोडगा काढलास. मासिक मी न्यायचं, सीडी तू न्यायचीस आणि पुढच्या रविवारी आणून द्यायचीस. मला वाटलं, गेली आता सीडी. पुढच्या रविवारी तू खरंच आमच्या दारात हजर झालास. सीडी होती, आणि वर्तमानपत्रात बांधलेले किलोभर सुके बोंबीलही होते. आमच्या बिल्डिंगमध्ये आमचं सोडून बाकी एकही घर मासे खाणारं नव्हतं. संध्याकाळपर्यंत सेक्रेटरी दोनदा येऊन गेले. तुला हे सांगितलं तेव्हा तुझा चेहरा इतका पडला, की मीच तुझी समजूत काढत बसले. त्यानंतर बोंबील खायला मीच उत्तनला यायला लागले.

तू उत्तनच्या कोळ्याच्या घरातला आणि तुला बोट लागायची. याच्यावरून तुझी आयुष्यभर थट्टा झाली. तुझा थोरला भाऊ पास्कल बोट घेऊन दोन-दोन दिवस समुद्रात असायचा, आणि तू बर्फाच्या कारखान्यातल्या ऑफिसात, कोरड्या जमिनीवर. "ह्याला धक्क्यावर उभा केला तरी वकतंय," असं पास्कल मला पहिल्याच भेटीत म्हणाला होता. तू हसलास. पण समुद्राचं एक काम तू जमिनीवरून करत होतास, आणि त्याच्यासाठीच तुला ते मशीन हवं होतं.

ते काम काय आहे हे तू मला पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. मासे जिथे मिळतात ती जागा उत्तनमध्ये सख्खा भाऊ सख्ख्या भावाला सांगत नाही. पण जाळं जिथे अडकून फाटतं, ती जागा सगळे सगळ्यांना सांगतात. पाण्याखाली खडक आहे, कुठे बुडालेलं मालवाहू बार्ज आहे, कुठे कोणाचा तुटलेला नांगर. बोटींवर जीपीएसची ती हातात मावणारी यंत्रं आली तशा या जागा अक्षांश-रेखांशात नोंदता यायला लागल्या. तू प्रत्येक बोटीचं यंत्र घरी आणून केबलने मशीनला जोडायचास, त्याच्यातल्या खुणा उतरवून घ्यायचास, सगळ्यांच्या खुणा एकत्र करायचास आणि हंगामाच्या आधी सगळ्या यंत्रांत परत भरून द्यायचास. ज्याचं जाळं पहिल्यांदा फाटलं, त्याचं नाव त्या जागेला. इनासचा खडक. बावतीसचं बार्ज. पास्कलच्या नावावर तर तीन जागा, आणि त्याला त्याचाही अभिमान. तुझं नाव त्या यादीत कुठेच नव्हतं. पास्कल ते अधूनमधून तुला ऐकवायचा. "अरे, माजा जालाच न्हाय, तर फाटनार काय," म्हणून तू विषय संपवायचास.

अपग्रेड कधी करायचं, याच्यावरून आपलं पहिलं मोठं भांडण. पावसाळ्यात मासेमारी बंद, बोटी काठावर ओढलेल्या, कोणी बुडाला रंग देतंय, कोणी इंजिन उघडून बसलंय. तू म्हणालास, मशीनचं कामही तेव्हाच करायचं, कारण हंगामात खुणा लागतात. मी म्हणाले, अरे पावसाळ्यात तुझ्या गावात दिवसातून चार वेळा लाईट जाते, डिस्क मध्येच अर्धी लिहिलेली राहील. तू म्हणालास, "यूपीएस हाय ना." तो यूपीएस. त्याची बॅटरी कधीच मेलेली होती, लाईट गेली की तो फक्त शिट्टी वाजवून आपल्याला कळवायचा. एरवी त्याच्यावर तू मॉडेम ठेवायचास. शेवटी पावसाळाच ठरला, कारण बोटी तुमच्या होत्या.

सुरुवातीला आपल्याकडे एक्स्ट टू नावाची फाइल सिस्टिम होती. लाईट गेली की मशीन परत सुरू होताना सगळी डिस्क पहिल्यापासून तपासायचं. एकदा ते तपासत असताना तू मिस्सेला गेलास, फादरांचं लांबलेलं प्रवचन ऐकून परत आलास, तरी ते तपासतच होतं. मग एक्स्ट थ्री आलं. ते काय करणार आहे ते आधी एका जागी लिहून ठेवतं आणि मग करतं, त्यामुळे मध्येच लाईट गेली तरी उठल्यावर त्याला आपण कुठे होतो ते आठवतं. याला जर्नल म्हणतात हे मी तुला समजावून सांगितलं, तर तू म्हणालास, "चांगली सवय हाय. रेजिनाला सांग." स्वयंपाकघरातून आवाज आला, "आयकलं मी."

आणि मग तुझी ती टेस्ट. अपग्रेड झालं की तू एक छोटी फाइल बनवायचास, सेव्ह करायचास, उठून दारामागच्या मेन स्विचपाशी जायचास, डोळे मिटून एक नमो मरिया म्हणायचास आणि स्विच खाली ओढायचास. सगळं घर बंद. पंखा, फ्रिज, टीव्ही, आणि नेमका रेजिनाचा मिक्सर, अर्ध्या वाटलेल्या मसाल्यासकट. ती काय काय बोलायची ते इथे लिहीत नाही. मग स्विच वर, मशीन चालू, आणि फाइल जागेवर. "बग," तू म्हणायचास, "राखली." मी म्हणायचे, "अरे, एक्स्ट थ्री दर पाचेक सेकंदांनी लिहितंच. तुझी प्रार्थना संपेपर्यंत त्याचं लिहून झालेलं असतं. याला टेस्ट म्हणत नाहीत." तू म्हणायचास, "मंग मी तेच सांगतो ना. प्रार्थनेनं काम होतंय."

मी गिरगावातल्या शाळेत विज्ञान शिकलेली मुलगी, मी हात टेकले.

एक्सएफएसचं वर्ष आठवत असेलच तुला. ही फाइल सिस्टिम वेगवान आहे असं तू कुठेतरी वाचलंस. मी नको म्हणत होते, पण माझ्याकडे भक्कम कारण नव्हतं, नुसती भीती होती. तू टाकलंस. टेस्ट केलीस, पास झाली. पण नवीन प्रकार म्हणून त्या दिवशी तू एकाऐवजी तीन नमो मरिया म्हणालास, त्याही सावकाश. मला ते खटकायला हवं होतं. तेवढ्या वेळात ते सगळं निवांत लिहून मोकळं झालं होतं. पुढे हंगामात एका दुपारी तू खुणांची फाइल सेव्ह केलीस आणि त्याच क्षणी लाईट गेली. लाईट काही आपली प्रार्थना संपायची वाट बघत नाही. मशीन उठलं तेव्हा फाइल होती, तिचा आकारही बरोबर होता, आणि आत नुसती शून्यं. सीडीवरची कॉपी पावसाळ्यातली. हंगामात भर घातलेल्या सगळ्या खुणा गेल्या.

तू बोटीबोटीवर जाऊन यंत्रं परत गोळा केलीस. पण अर्ध्यांनी यंत्रात जागा होत नाही म्हणून जुन्या खुणा पुसल्या होत्या, फिलिपकडे आहेत या भरवशावर. आणि जाळं फाटलं ते नेमकं पास्कलचं, त्याने स्वतः सांगितलेल्या जागी. तो तुला एक शब्द बोलला नाही. फक्त जाळं विणायला समुद्रावर बसायचं ते तुझ्या दारात येऊन बसला, रोज सकाळी, आठवडाभर. तुला घराबाहेर पडायचं तर त्या जाळ्यावरून पाय उचलून जावं लागायचं. मी त्या रविवारी आले तेव्हा तू त्याच्यासमोर बसून दोरा ओवून देत होतास. मीही दुसऱ्या टोकाला बसले आणि कशाला तरी हात लावत राहिले, तर पास्कल म्हणाला, "बाय, तू नको. तू आनखी फाडशील." त्याच्यावर तू हसलास, आणि मग तोही हसला, आणि ते तेवढ्यावर मिटलं.

आपलं मात्र पुढच्या पावसाळ्यात परत एक्स्ट थ्रीवर जाणं झालं, आणि मी एक नियम केला. प्रार्थना स्विच खाली केल्यानंतर म्हणायची. आधी नाही. तू कुरकुरलास. पण पाळलास.

तुला एक सांगायचं राहिलं, फिलिप. माझ्या ऑफिसमध्ये मी हेच काम करायचे, मोठ्या मशीनवर, चांगल्या पगारावर. मीटिंगमध्ये मी काही सांगितलं की सगळे मान डोलवायचे. "करेक्ट मॅडम." आणि मग बाहेर जाऊन त्यांच्या मनात होतं तेच करायचे. कोणी माझ्याशी वाद घालत नसे. आधी मला तो मान वाटायचा. तुझ्याकडे रविवारी यायला लागल्यावर कळलं की वाद घालण्याइतकं कोणी माझं ऐकतच नव्हतं. तू ऐकायचास. माझं प्रत्येक वाक्य पकडून ठेवायचास आणि दोन रविवारांनी, बसस्टॉपवर मला सोडायला आलेला असताना, "तू त्या दिवशी म्हनालीस ते चुकीचा हाय" म्हणून परत काढायचास. एकदा चौक गावाहून येणारी बस समोरून निघून गेली तरी आपण बोलतच होतो. त्या रविवारांवर मी भाईंदरमध्ये टिकले. हे तुला कधीतरी सांगायला हवं होतं, पण आपल्यात असलं बोलायची पद्धत नव्हती. सांगितलं असतं तर "काय झाला, ताप हाय का?" असं विचारलं असतंस.

आणि मग ते शेवटचं भांडण. बोटी काठावर ओढायचा आठवडा. नवी आवृत्ती आली होती आणि तिच्यात एक्स्ट फोर. तुझे डोळे चमकत होते.

"बाय, ह्या टायमाला फोर टाकू. सगले टाकतात."

"सगळे म्हणजे कोण?"

"जगभर. मी नेटवर वाचला."

"मीही वाचलंय. हेही एक्सएफएससारखंच लिहायला उशीर करतं. तू सेव्ह म्हणतोस, ते हो म्हणतं, आणि मग सवडीने लिहितं. लोकांच्या फाइली रिकाम्या झाल्यात. त्याला तुझी एक नमो मरिया नाही पुरायची, अख्खी रोझरीची माळ लागेल."

"मंग रोझरी म्हनू."

आतून रेजिना म्हणाली, "तू? तू रोझरीला अर्ध्यात घोरतोस."

तू हसला नाहीस. म्हणालास, "त्यांनी ते दुरुस्त केलाय. आन माजा एकदा चुकला म्हनून मी आता नवा काय घ्यायचाच न्हाय का?"

हा प्रश्न खरा होता, मला तेव्हाच जाणवलं. एक्सएफएसचं वर्ष तू विसरला नव्हतास. तुला ते पुसायचं होतं. मी मात्र मुद्द्यावर अडून राहिले. म्हणाले, थ्रीचं फोर कधीही करता येतं, डिस्क न पुसता. फोरचं थ्री करता येत नाही. जिथून मागे येता येत नाही तिथे उगाच घाईने कशाला जायचं?

मग म्हणालास, "बाय, मागं येता आला पायजे हीच अट असंल, तर तू भायंदरला कशी आलीस?"

मला उत्तर सुचलं नाही. तू खूश झालास. बसस्टॉपवर म्हणालास, "येत्या रविवारी उत्तर घेऊन ये." मी घेऊनही येणार होते. गुरुवारी सकाळी रेजिनाचा फोन आला. कारखान्यात खुर्चीतच बसल्या बसल्या, म्हणाली. पुढचं मला ऐकू आलं नाही.

तुला न्यायला सगळे आले होते. पाऊस होता, छत्र्या होत्या, माणसं चर्चच्या बाहेर रस्त्यापर्यंत उभी. मी मागे उभी राहून तुझ्यावर रागावत होते. खरं सांगते, रागच होता. भांडण अर्ध्यावर टाकून जायचं नसतं, फिलिप.

तुझ्या महिन्याच्या मिस्सेनंतर जेवणं झाली आणि पास्कल माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, नारळी पौर्णिमा झाली की बोटी निघतील. यंत्रं गोळा केलीत. मशीनचं काय? मी म्हणाले, करते. तो म्हणाला, "फिलिप काय म्हनत व्हता, तसाच कर." रेजिनानेही तेच सांगितलं, फक्त हळू आवाजात. "त्याच्या मनासारका कर."

आणि म्हणून त्या रविवारी मी त्या प्रश्नासमोर बसून राहिले. तुझ्या मनासारखं म्हणजे फोर. मी फोर निवडलं. पुढे जायचं बटण दाबायचं बाकी होतं. डोळे भरून आले होते आणि मला स्वतःबद्दल फार बरं वाटत होतं, की बघा, मी मित्रासाठी हट्ट सोडला. आणि मग मला माझं ऑफिस आठवलं. करेक्ट मॅडम. माझं म्हणणं न खोडता, नुसती मान डोलावणारी ती माणसं. मी तुझ्याशी तेच करत होते. तू असतास तर कदाचित मी हरले असते, तू माझं एक-एक कारण मोडून काढलं असतंस आणि मी चिडून फोर टाकलं असतं. ते चाललं असतं. पण तू गेलास म्हणून मी ऐकायचं, आणि त्या बोटींच्या खुणा पणाला लावायच्या, हे तुला आवडलं नसतं. तूच म्हणाला असतास, मुद्द्याचं बोल.

मी परत मागे गेले आणि एक्स्ट थ्री टाकलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तरही तेव्हाच सापडलं. उशिरा देते, पण देते. मी भाईंदरला आले तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. घर ठरलं, टेम्पो आला, आम्ही निघालो. जिथे मला कोणी विचारतं, तिथे मी मागे यायची वाट राखून ठेवते, कारण एकदा ती नव्हती. तू विचारायचास, म्हणून मी एवढी भांडायचे. आता याच्यावर तू काय बोलशील, ते मला हवंय, आणि ते मिळणार नाही.

रेजिना कप उचलायला आली. "काय टाकलास?"

"माझं," मी म्हणाले.

तिने कप उचलला. मग हसली, तू गेल्यापासून पहिल्यांदाच. "बरा झाला. आता बसंल वर कटकट करत. निदान त्याला काम."

खुणा भरल्या, यंत्रं परत गेली. टेस्ट मात्र मी केली नाही. स्विचपर्यंत गेले, हात वर नेला, आणि परत आले. ते तुझं काम होतं.

बोटी गेल्या. गेल्या रविवारी मी उत्तनला आले होते, रेजिनाने बोलावलं म्हणून. ती मसाला वाटत होती. पास्कल धक्क्यावरून सरळ तुझ्या घरी आला, अंगाला समुद्राचा वास, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं ते यंत्र. म्हणाला, नवी जागा सापडली, जाळं फाटलं. तुझ्या फाइलीत नव्हती ती. मी यंत्र जोडलं, आकडे उतरवून घेतले, आणि नावाच्या जागी त्याला न विचारताच "पास्कल" लिहायला लागले. चौथा खडक त्याचा.

"माजा नको," तो म्हणाला. "फिलिप लिव."

"पास्कलभाऊ, जाळं तुमचं फाटलंय ना? ज्याचं जाळं त्याचं नाव."

"जाला माजाच हाय. पन नाव त्याचा टाक." तो तुझ्या यूपीएसवर बसला, ज्याच्यावर तू कोणाला बसू द्यायचा नाहीस. "तो कदी आला न्हाय दर्यात. आता येऊं दे."

मी पास्कलचं नाव पुसलं आणि तुझं लिहिलं. सेव्ह केलं. जुन्या सगळ्या खुणांची कॉपी माझ्या पेन ड्राइव्हवर होती, कारण मी तू नाही. पण ही एक ओळ फक्त या डिस्कवर होती. मग मी उठले आणि दारामागच्या मेन स्विचपाशी गेले. का, ते मला आजही सांगता येणार नाही. ती ओळ राहते की जाते हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, एवढंच. रेजिनाने मला तिथे उभं बघितलं आणि मिक्सर स्वतःच बंद केला.

माझा नियम होता, आधी स्विच, मग प्रार्थना. तो मीच मोडला. डोळे मिटले आणि नमो मरिया म्हणायला लागले. इतकी वर्षं तुझ्याकडून ऐकत होते, मला वाटलं होतं पाठ आहे. मधेच अडखळले. रेजिनाने पुढचे शब्द घेतले, आणि मागून पास्कलने, आणि आम्ही तिघांनी ती शेवटपर्यंत म्हटली, चर्चमध्ये म्हणतात तशी, ओढून, अगदी सावकाश. तेवढ्या वेळात एक्स्ट फोरनेही लिहून घेतलं असतं, हे मी मान्य करते.

स्विच खाली ओढला. पंखा फिरत फिरत थांबला. यूपीएसने पास्कलच्या खालून शिट्टी मारली आणि तो दचकून उठला. मग स्विच वर. मशीन घरघरलं, काळ्या पडद्यावर अक्षरं धावली, जर्नल वाचून झालं. मी तुझ्या त्या डगमगत्या खुर्चीत बसून फाइल उघडली आणि सरळ खाली गेले. शेवटच्या ओळीत, आकड्यांच्या पुढे, तू होतास.